सुंदर चित्रासमोर पाय गळून जाणं: हा आजार आहे का?

मृदुला दांडियाबाजार | शनिवार, रात्री ९:१०

मंडळी, थोडं सविस्तर लिहिते. दोन ओळींत सांगितलं तर घरी जे ऐकलं तेच इथेही ऐकावं लागेल.

माझी आत्या सांगलीला असते. वय ६८. बँकेतून निवृत्त झालेली, हिशोबी, शांत बाई. लेकीच्या पाठवणीलाही मी तिला डोळे पुसताना पाहिलं नव्हतं. परवा ती बडोद्याला आमच्याकडे आली तेव्हा तिला लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातलं फत्तेसिंह संग्रहालय बघायचं होतं, राजा रविवर्म्याच्या चित्रांसाठी. आम्ही दोघीच गेलो. बाकीच्या चित्रांपाशी ती नेहमीसारखी बोलत होती. साडीचा काठ बघ, नथ बघ, असं चाललेलं. 'सीता भूमिप्रवेश'पाशी आली आणि गप्प झाली. मला वाटलं, खालची पाटी वाचतेय. मग तिने माझं मनगट धरलं. हात गार पडलेला आणि थरथरत होता. कपाळावर घाम, चेहरा पांढराफटक. "मला खाली बसव" एवढंच म्हणाली आणि तिचे पायच गेले. कसंबसं सावरून मी तिला फरशीवर बसवलं. शुद्ध पूर्ण गेली नव्हती, पण नजर चित्रावरून हलत नव्हती. आणि मग ती हुंदके देऊन रडायला लागली. तिथल्या रखवालदाराने न विचारता खुर्ची आणली, पाणी आणलं, जमणाऱ्या लोकांना पुढे पाठवलं. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. बाहेर आल्यावरही आत्या बराच वेळ भांबावलेली होती.

त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवलं. रक्तदाब, साखर, ईसीजी सगळं ठीक.

मला लागलं ते संध्याकाळचं. घरात पाहुणे होते. "चित्र बघून कुणी पडतं का? आता या वयात ही कसली थेरं?" असं एकाने म्हटलं आणि सगळे हसले. आत्या काही बोलली नाही, उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी कुठे जायचं म्हटलं की "नको गं, उगाच तमाशा होतो" म्हणायची.

मग मी शोधत बसले. असं होणारी माणसं जगात आहेत आणि त्याला नावही आहे: स्तांदाल सिंड्रोम. स्तांदाल हा फ्रेंच लेखक इटलीतल्या फ्लॉरेन्सला गेला होता, आणि १८१७ च्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने सांता क्रोचे चर्चमधला अनुभव लिहिला. तिथे मायकेलअँजेलो, गॅलिलिओ, मॅकियाव्हेली यांच्या कबरी आहेत. एका छोट्या प्रार्थनागृहात तो बसला, डोकं मागे टेकवलं आणि छतावरची चित्रं बघत राहिला. बाहेर पडला तेव्हा छाती धडधडत होती, अंगातलं त्राण गेलं होतं, चालताना आपण पडू अशी भीती वाटत होती. चौकातल्या बाकावर बसून त्याने जवळची एक कविता काढून वाचली, तेव्हा कुठे जरा बरं वाटलं.

वाचताना अंगावर काटा आला. आत्याचंच वर्णन.

माझे प्रश्न असे: हा खरोखर आजार आहे का? कुणाला असा अनुभव आहे का? आणि आत्याला पुन्हा तिथे न्यावं की नाही? एकच विनंती, चेष्टा करू नका.

लहरीपुरा | शनिवार, रात्री ९:४२

मृदुलाताई, चेष्टा अजिबात नाही. आत्याबाईंना हसणाऱ्यांनी चूक केली. तरी पण मला यात चित्रापेक्षा शरीर जास्त दिसतं. बडोद्याचं ऊन, रिक्षातून येणं, मग दीड-दोन तास उभं राहणं. उभ्या उभ्या रक्त पायांत साठतं, मेंदूला कमी पडतं, माणूस पांढरा पडतो, घाम फुटतो, खाली बसतो. शाळेच्या प्रार्थनेला मुलं पडायची ती यामुळेच. आणि स्तांदालचंच बघा ना, डोकं मागे टाकून छताकडे किती वेळ बघत होता! मान तशी ताणून धरली तर कुणालाही गरगरू शकतं, वयस्कर माणसाला तर जास्तच.

संग्रहालयातला थकवा ही तर जुनी नोंदलेली गोष्ट आहे. बॉस्टनच्या संग्रहालयातल्या बेंजामिन गिलमन यांनी १९१६ मध्ये त्यावर लेखच लिहिला. एका माणसाला वेगवेगळ्या कपाटांतल्या वस्तू बघायला लावून, त्याला किती वाकावं लागतं, मान किती वाकडी करावी लागते, याचे फोटो त्यांनी छापले होते. साध्या कारणाने होणाऱ्या गोष्टीला मोठं नाव देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

मृदुला दांडियाबाजार | शनिवार, रात्री ९:५५

लहरीपुरा, तुमचं म्हणणं पटण्यासारखं आहे आणि मीही आधी हेच धरून चालले होते. पण आत्या नाश्ता करून निघाली होती, सकाळची वेळ होती, आणि आम्ही आत जाऊन फार वेळ झाला नव्हता. शिवाय नुसती चक्कर असती तर रडणं कुठून आलं?

फाइनआर्ट्स_जुना | शनिवार, रात्री ११:२०

मी इथल्या विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समध्ये शिकलो, आता शिकवतो. आत्याबाईंचं वाचून मला जराही आश्चर्य वाटलं नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांना मूळ चित्रांसमोर नेलं की दर वर्षी एखादं पोर असं निघतंच, जे बाजूला जाऊन भिंतीला टेकून उभं राहतं. त्याला आम्ही काही विचारत नाही.

एक गोष्ट मराठी घरांच्या बाबतीत विशेष आहे, ती सांगतो. रविवर्म्याचं चित्र आपण आयुष्यात पहिल्यांदा बघतो ते छापील. १८९४ मध्ये मुंबईत त्याचा छापखाना सुरू झाला आणि त्याची लक्ष्मी, सरस्वती घराघरांत गेली. देवघरात, कॅलेंडरवर, दुकानाच्या गल्ल्यामागे. ती छपाई दगडावरची, प्रत्येक रंगाचा वेगळा दगड, ठिपक्याठिपक्यांनी भरलेली. त्यात चेहरा येतो, पण कातडीखालचं रक्त येत नाही. मूळ तैलचित्रात रंगाचे पातळ, पारदर्शक थर एकावर एक बसवलेले असतात, त्यामुळे उजेड वरच्या थरातून आत जाऊन परत येतो. गालावरचा, मनगटावरचा रंग जिवंत वाटतो तो त्यामुळे. जरीच्या काठावर तर त्याने रंगाचे नुसते लहान लहान उंचवटे ठेवलेत. जवळून बघितलं तर पिवळ्या-पांढऱ्या रंगाचे फटकारे, तीन पावलं मागे सरकलं की झळाळणारी जर.

आता विचार करा. साठ वर्षं जे चित्र हातभर कागदावर, फिकट, काचेमागे, उदबत्तीच्या धुराने काळवंडलेलं पाहिलं, ते अचानक मोठं होऊन, सगळ्या रंगांनिशी समोर येतं. ओळखीचं आहे आणि तरी पहिल्यांदाच दिसतंय. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी झाल्या की माणूस हलतो.

स्तांदालबद्दलही एक सांगण्यासारखं आहे. त्याला ज्या चित्रांनी हलवलं ती मायकेलअँजेलोची नव्हती. ती व्होल्तेर्रानोने काढलेल्या भविष्यवेत्त्या स्त्रियांची होती. फ्लॉरेन्सला जाणारे निम्मे लोक आज ती बघतही नाहीत. चित्राची कीर्ती आणि चित्राचा घाव यांचा फार संबंध नसतो.

मनोविकार_सयाजीगंज | रविवार, सकाळी ७:३०

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. उशिरा वाचलं, म्हणून सगळ्यांना एकत्र उत्तर देतो.

आधी मृदुलाताईंना एक प्रश्न, कारण तो जास्त निकडीचा आहे. बाहेर आल्यावर आत्या भांबावलेल्या होत्या असं तुम्ही लिहिलंय. त्या तोच तोच प्रश्न पुन्हा विचारत होत्या का? तो अर्धा तास त्यांना आज आठवतो का? बोलणं जड झालं होतं का, एखादा हात लुळा पडला होता का? साठीच्या आसपास तीव्र भावनेच्या धक्क्यानंतर काही तासांची स्मृती पुसली जाते, असा एक प्रकार असतो. तो सहसा आपोआप बरा होतो, पण अर्धांगाचा छोटा झटकाही असाच दिसू शकतो. ६८ व्या वर्षी गोंधळलेपण आलं तर ते चित्रावर ढकलून मोकळं होऊ नये. दोन्ही शक्यता तपासून बाजूला काढाव्या लागतात.

आता मुख्य विषय. स्तांदालचं नाव या अवस्थेला ज्यांच्यामुळे मिळालं त्या डॉ. ग्राझिएला मागेरिनी. फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नुओवा या जुन्या रुग्णालयात त्या मानसोपचार विभाग बघत. शहरात कलाकृती बघायला आलेले पर्यटक अचानक बिघडलेल्या अवस्थेत दाखल होतात, हे त्यांच्या लक्षात आलं. सुमारे दहा वर्षांतल्या अशा १०६ रुग्णांचा अभ्यास त्यांनी १९८९ मध्ये पुस्तकरूपाने मांडला. छातीत धडधड, चक्कर, घाबरगुंडी हे तर होतंच, पण सगळ्यात मोठा गट होता तो भास होणाऱ्यांचा, कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवतंय असं वाटणाऱ्यांचा. त्यातल्या बऱ्याच जणांना पूर्वीपासून मानसिक त्रास होता. एकट्याने प्रवास करणारे, घरापासून लांब आलेले पुष्कळ. इटालियन मात्र त्यात जवळजवळ नव्हते. विश्रांती आणि घरी परत जाणं यानेच बहुतेकांना उतार पडला.

म्हणजे आत्याबाईंना जे झालं ते आणि मागेरिनींचे रुग्ण यांत अंतर आहे. २००९ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एका ७२ वर्षांच्या कलावंताची हकिकत आली होती. फ्लॉरेन्सच्या प्रसिद्ध जुन्या पुलावर त्याला घाबरल्यासारखं झालं, काळाचं भान सुटलं, आणि पुढे आपल्या हॉटेलच्या खोलीत कुणी चोरून ऐकतंय असं त्याला वाटू लागलं. काही आठवड्यांत ते निवळलं. असं काही आत्याबाईंना झालेलं दिसत नाही.

आणि तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर: नाही, जगभर वापरल्या जाणाऱ्या मानसिक आजारांच्या अधिकृत याद्यांमध्ये याची स्वतंत्र नोंद नाही. पण यादीत नाही म्हणजे अनुभव खोटा, असं अजिबात नाही. लहरीपुरा म्हणतात ती शारीरिक प्रक्रिया खरीच आहे. फक्त ती चालू व्हायला ऊन लागतं असं नाही. तीव्र भावनेनेही तीच नस कामाला लागते, हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तदाब उतरतो. रक्त बघून पडणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. त्यांना ऊन कुठे लागलेलं असतं?

लहरीपुरा | रविवार, सकाळी ८:०५

डॉक्टर, शेवटचा मुद्दा पटला. भावना एका बाजूला आणि शरीर दुसऱ्या बाजूला अशी विभागणी मी करत होतो.

मृदुला दांडियाबाजार | रविवार, सकाळी ८:४०

डॉक्टरसाहेब, फार बरं वाटलं तुम्ही विचारलंत. हात-पाय, बोलणं सगळं ठीक होतं. तिला एकूण एक आठवतं, रखवालदाराच्या खिशाला लावलेलं पेनसुद्धा. तरी तुमचं वाचून आजच मेंदूविकारतज्ज्ञांची वेळ घेतली आहे.

विठ्ठलमंदिर_आळी | रविवार, सकाळी १०:१५

मला हे सगळं वाचताना राहून राहून वाटतं, की आपल्याकडे याची ओळख फार जुनी आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितलेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. मृदुलाताईंची पहिली पोस्ट पुन्हा वाचा. आत्या जागच्या जागी थांबल्या, घाम आला, हात थरथरला, चेहऱ्याचा रंग उडाला, शब्द फुटेना, रडू आलं, आणि शुद्ध हरपायच्या बेतात होती. आठातले किती झाले ते तुम्हीच बघा. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या शेवटी कृष्णाचं बोलणं सांगता सांगता संजयाची जी अवस्था होते, ती माउलींनी हेच भाव एकेक करून वर्णन केली आहे. चित्त थांबतं, वाचा अडते, रोमांच उठतात, मिटल्या-उघड्या डोळ्यांतून पाणी वाहतं.

रामकृष्ण परमहंसांची गोष्ट तर सगळ्यांना माहीत आहे. लहानपणी शेताच्या बांधावरून जाताना काळ्या ढगावर पांढऱ्या बगळ्यांची रांग उडताना दिसली आणि ते शुद्ध हरपून पडले. चैतन्य महाप्रभू पुरीला जगन्नाथासमोर असेच कोसळले. या माणसांना आज कुणी हसत नाही. आमच्या आळीत कीर्तनात एखादी आजी रडायला लागली तर शेजारची बाई तिच्या पाठीवर हात ठेवते, बस. तीच आजी संग्रहालयात रडली तर मात्र लोक वळून बघतात. हा फरक का, हे मला कळत नाही आणि त्याचा त्रास होतो.

मनोविकार_सयाजीगंज | रविवार, सकाळी ११:००

विठ्ठलमंदिर_आळी, तुमची पोस्ट फार आवडली. एवढंच जोडतो की दोन्ही गोष्टी एकत्र धरायला हव्यात. माझ्याकडे येणाऱ्या काही कुटुंबांनी भास होणाऱ्या मुलाला 'भाव येतो' म्हणत वर्ष-वर्ष औषधाविना ठेवलेलं असतं. अनुभवाचा आदर करावा, पण झोप उडाली, खाणं सुटलं, आवाज ऐकू येऊ लागले, संशय वाढला, तर डॉक्टरकडे यावं. छातीत दुखलं तर एक क्षणही थांबू नये. डिसेंबर २०१८ मध्ये फ्लॉरेन्सच्या उफ्फीझी संग्रहालयात बोत्तिचेल्लीच्या व्हीनसच्या प्रसिद्ध चित्रासमोर संग्रहालय बघायला आलेल्या एका माणसाला खरोखरचा हृदयविकाराचा झटका आला होता. वर्तमानपत्रांनी लगेच स्तांदालचं नाव घेतलं. तो वाचला तो हृदय पुन्हा चालू करणारं यंत्र जवळ होतं म्हणून आणि योगायोगाने तिथे असलेल्या डॉक्टरांमुळे.

सुरसागर_काठ | रविवार, दुपारी १२:३०

चित्राचं मला फारसं कळत नाही, पण गाण्याने हे होतं हे पक्कं माहीत आहे. आमच्या आजोबांनी फैयाज खाँसाहेबांना ते बडोद्याच्या दरबारात गायक असताना ऐकलं होतं. सांगायचे, खाँसाहेब नोमतोमची आलापी करत एका स्वरावर येऊन थांबले की शेजारी बसलेला माणूस श्वास घ्यायचा विसरायचा. आजोबांना स्वतःला एका मैफिलीतून उठवून बाहेर आणावं लागलं होतं. घरात ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते.

मनोविकार_सयाजीगंज | रविवार, दुपारी १:१०

गाण्याचं संशोधन चित्रापेक्षा बरंच पुढे आहे. आवडतं संगीत ऐकताना ज्यांच्या अंगावर शहारा येतो अशा लोकांच्या मेंदूची तपासणी ब्लड आणि झटोरे या दोघांनी कॅनडात केली, २००१ मध्ये. शहारा येतो त्या क्षणी मेंदूचा जो भाग जागा होतो तो भूक भागल्यावर, गोड खाल्ल्यावर जागा होणारा. २०११ मध्ये त्याच गटाने दाखवलं की त्या वेळी डोपामीन सुटतं, आणि दोन टप्प्यांत सुटतं. एकदा तो आवडता क्षण येणार म्हणून वाट बघताना, मेंदूच्या एका भागात. दुसऱ्यांदा तो क्षण आल्यावर, वेगळ्या भागात.

वाट बघण्याला स्वतःचं बळ असतं, हे मला इथे महत्त्वाचं वाटतं. स्तांदाल फ्लॉरेन्सला पोहोचण्याच्या कितीतरी आधीपासून मनाने फ्लॉरेन्समध्ये होता. आत्याबाई सांगलीहून रविवर्मा बघायलाच आल्या होत्या.

इंदूरी_मामा | रविवार, दुपारी ३:००

इंदूरहून वाचतोय. बडोद्याच्या फाइन आर्ट्समध्ये पूर्वी शिकवणारे चित्रकार बेंद्रेमास्तर आमच्या इंदूरचे, एवढं नोंदवून ठेवतो. आत्याबाईंना नमस्कार सांगा.

कीर्तिमंदिर_रस्ता | रविवार, संध्याकाळी ६:२०

मी कधी कुणाला सांगितलं नाही, आज सांगते.

कीर्तिमंदिरात, म्हणजे गायकवाड घराण्याच्या स्मारकात, चित्रकार नंदलाल बोस यांची भिंतचित्रं आहेत. सयाजीराव महाराजांनी त्यांना बोलावलं, आणि १९३९ पासून पुढची काही वर्षं येऊन-जाऊन त्यांनी चार भिंती रंगवल्या: गंगावतरण, मीराबाई, नटीर पूजा आणि महाभारत. बडोद्यात वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाने ती इमारत हजारदा बाहेरून पाहिलेली असते. आत गेले ती लग्नानंतर, आणि तेही नणंदेला दाखवायचं म्हणून.

नटीर पूजेची गोष्ट टागोरांची. राजाने बुद्धाची पूजा बंद केलेली असते. राजनर्तकीला हुकूम होतो की स्तूपासमोर नाच, म्हणजे त्या जागेचा अपमान होईल. ती नाचते. नाचता नाचता एकेक दागिना, एकेक वस्त्र उतरवत जाते आणि आत भिक्षुणीचं वस्त्र असतं. तिथेच तिला मारतात. मला ही गोष्ट तेव्हा माहीत नव्हती. भिंतीवर नाचणारी बाई दिसली, तिचा हात कसा वळलाय तो दिसला, आणि माझ्या घशात काहीतरी अडकलं. मी तेव्हा भरतनाट्यम् सोडून दिलं होतं. सोडलं म्हणजे सोडावं लागलं. कान बधिर झाले, समोरचं लांब गेल्यासारखं वाटलं, पायऱ्यांवर बसले. नणंदेला सांगितलं, पित्त झालंय. तिने लिंबू-सरबत आणून दिलं, आणि विषय संपला.

गोष्ट मी नंतर वाचली. आधी शरीराला कळलं, मग मला.

फाइनआर्ट्स_जुना | रविवार, संध्याकाळी ७:०५

ताई, हे तुम्ही लिहिलंत याबद्दल मनापासून आभार.

यावरून रशियन लेखक दस्तयेव्हस्कीची आठवण झाली. १८६७ मध्ये तो बायकोबरोबर स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला थांबला होता. तिथे चित्रकार होल्बाइनचं एक चित्र आहे: क्रुसावरून उतरवलेला, मेलेला ख्रिस्त, आडवा पडलेला. सुंदर म्हणावं असं त्यात काही नाही. शरीर हिरवट पडलंय, तोंड उघडं आहे. आन्ना, त्याची बायको, बघवेना म्हणून पुढच्या दालनात गेली. परत आली तर तो तिथेच खिळलेला. त्याला फेफऱ्याचा आजार होता आणि झटक्याच्या आधी त्याचा चेहरा जसा व्हायचा तसाच तिला दिसला. तिने त्याचा दंड धरला, दुसऱ्या खोलीत नेऊन बाकावर बसवलं. झटका आला नाही. निघण्यापूर्वी ते चित्र पुन्हा बघायचा आग्रह मात्र त्याने धरलाच.

म्हणून 'सुंदर चित्र बघून होणारा त्रास' एवढीच याची व्याख्या मला अपुरी वाटते. चित्र सुंदर असायलाच हवं असं नाही. ते त्या माणसाच्या एखाद्या उघड्या जागेवर येऊन पडायला हवं.

मृदुला दांडियाबाजार | मंगळवार, रात्री ८:३०

दोन दिवस लिहिता आलं नाही. आत्याला मेंदूविकारतज्ज्ञांनी बघितलं, काही निघालं नाही. पाणी भरपूर प्या, एका जागी फार वेळ उभं राहू नका, एवढंच सांगितलं.

काल रात्री मी तिला हा धागा वाचून दाखवला. सगळा. कीर्तिमंदिर रस्तावाल्या ताईंचं ऐकताना तिने मला दोनदा थांबवलं. मग स्वतःहून बोलायला लागली, जे मला माहीत नव्हतं.

माझी आजी, म्हणजे आत्याची आई, आत्या सात वर्षांची असताना गेली. हे माहीत होतं. माहीत नव्हतं ते असं, की त्यांच्या माजघरात सीता भूमिप्रवेशाची छापील तसबीर होती आणि त्या दिवसांत घरातल्या कुणीतरी लहान आत्याची समजूत घालायला सांगितलं, की सीतेला जशी तिची आई घेऊन गेली तशी तुझ्या आईलाही तिची आई घेऊन गेली. आत्या म्हणाली, "मी रोज त्या तसबिरीकडे बघून विचार करायची, की आईला तिची आई आली न्यायला. मग माझी का नाही येत?" पुढे घर विकलं, तसबीर कुठे गेली ते कुणालाच माहीत नाही. ती हे विसरूनही गेली होती. संग्रहालयात चित्रासमोर उभी राहिली तेव्हा तिला आधी काही आठवलंच नाही. आधी हात गार पडले. भूमातेने सीतेला धरलंय ते दिसलं आणि मग सगळं एकदम आलं.

आपल्याला काय झालं याची लाज वाटत होती, ती आता वाटत नाही असं म्हणाली. आणि त्या संध्याकाळच्या पाहुण्यांपैकी एकाला तिने स्वतः फोन करून हे सांगितलं. मी असते तर माझ्याने झालं नसतं.

मनोविकार_सयाजीगंज | मंगळवार, रात्री ९:१५

हे वाचून बराच वेळ काही लिहू शकलो नाही.

मागेरिनींचं म्हणणंही याच दिशेचं होतं. त्या मनोविश्लेषण मांडणाऱ्या फ्रॉइडच्या परंपरेतल्या. कलाकृती माणसाच्या आत दडपून राहिलेल्या गोष्टीला हात घालते, आणि घरापासून दूर, नेहमीचे आधार सुटलेले असताना ती गोष्ट वर येते, असं त्या मांडत. फ्रॉइडला स्वतःला १९०४ मध्ये अथेन्सच्या अॅक्रोपोलिसवर उभं राहून 'हे खरंच आहे तर!' असं विचित्र वाटलं होतं. त्याचा उलगडा त्याने १९३६ मध्ये, म्हातारपणी, एका पत्रात केला. तिथे त्याला सापडले ते त्याचे वडील. मुलाने बापापेक्षा लांब मजल मारली, याची बोच.

विठ्ठलमंदिर_आळी | मंगळवार, रात्री ९:४०

आत्याबाईंना साष्टांग नमस्कार.

मृदुला दांडियाबाजार | मंगळवार, रात्री १०:००

डॉक्टर, तिला ते चित्र पुन्हा बघायचं आहे. सांगलीला जायच्या आधी. न्यावं का?

मनोविकार_सयाजीगंज | मंगळवार, रात्री १०:३५

त्यांची इच्छा असेल तर जरूर न्या. आधीच सांगून ठेवतो: गर्दी नसेल अशी वेळ बघा, पोटभर खाऊन निघा, पाण्याची बाटली जवळ ठेवा. आधी बाकीचं संग्रहालय फिरवू नका, थेट त्याच चित्रापाशी जा. उभं राहून नाही, बसून बघू द्या. डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच आडवं करा आणि पाय उचलून धरा. बोलायला लावू नका, आणि रडल्या तर रडू द्या.

फाइनआर्ट्स_जुना | मंगळवार, रात्री १०:५०

जमलं तर नंतर तांबेकर वाड्यातही न्या. भाऊ तांबेकर बडोद्याचे दिवाण होते, त्यांचा मराठी लाकडी वाडा आहे, तुमच्या घरापासून लांब नाही. आतल्या भिंती, लाकूडकाम सगळं रंगवलेलं आहे, कृष्णलीला, पुराणातले प्रसंग, मराठे आणि इंग्रजांच्या लढाया. वाड्यात वाढलेल्या माणसाला तिथे घरी आल्यासारखं वाटतं. आत्याबाईंना आवडेल.

लहरीपुरा | मंगळवार, रात्री ११:१०

मृदुलाताई, दालनात बसायची सोय चित्रासमोरच असेल असं नाही. माझ्या वडिलांसाठी घेतलेलं घडीचं हलकं स्टूल घरात पडून आहे, पाठीला टेकायचं आहे त्याला. आत नेता येईल का ते मी उद्या सकाळी संग्रहालयात जाऊन विचारतो. परवानगी मिळाली की दांडियाबाजारात आणून देईन. घर कुठे ते निरोपात कळवा.